वाक्यं परत करणाऱ्या बाई

बाईंचा चेहरा मी पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला, पण आवाज मला शाळेपासून ठाऊक होता. पेणच्या एसटी स्टँडवर त्या चौकशीच्या खिडकीत बसायच्या आणि कर्ण्यावरून गाड्या पुकारायच्या. आमच्या वयाच्या निम्म्या पेणकरांना त्या आवाजाने कॉलेजला धाडलंय, नोकरीला धाडलंय, सासरी धाडलंय. त्यामुळे त्या उन्हाळ्यात मी जिना चढून त्यांच्या खोलीत गेले आणि त्या "बसा" म्हणाल्या, तेव्हा माझा हात आपोआप पिशवीकडे गेला. गाडी लागली असंच वाटलं. खोटं कशाला सांगू, मला हसू आलं, आणि घटस्फोटाच्या कामाला आलेल्या बाईने असं हसू नये म्हणून मी ते ओढणीत दाबलं.

ती खोली एका पापडाच्या दुकानावर होती. गच्चीत पोह्याचे पापड वाळत घातलेले असायचे, त्यांचा हिंगाचा वास जिन्यातून खाली यायचा. खिडकीला निळा पडदा. दुपारी त्यातून उजेड आत आला की खोलीतली सगळी माणसं पाण्याच्या तळाशी बसल्यासारखी दिसायची. आजही त्या दिवसांचं काही आठवायला गेलं की आधी तो निळा उजेड येतो आणि मग त्यात हळूहळू कोण कुठे बसलं होतं ते दिसायला लागतं. काही गोष्टी मी तिथे खरंच ऐकल्या की नंतर माझ्या शिवणाच्या दुकानात मशीन चालवताना मनात जुळवल्या, हे आता मलाही सांगता यायचं नाही.

स्टँड जवळच होतं. कर्ण्यावरची आरोळी अधूनमधून वाऱ्यावर यायची. बाई बोलता बोलता थांबायच्या, ऐकायच्या, "चुकीचं सांगतोय, ती गाडी त्या फलाटाला लागत नाही," असं पुटपुटायच्या आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा बोलायला लागायच्या.

आता मी तिथे का गेले होते ते सांगते. पेणला दोन वकील होते, एक साहेब आणि एक मॅडम. जन्मभर एकमेकांविरुद्ध भांडून दोघं कंटाळले आणि त्यांनी एक वेगळीच पद्धत सुरू केली. नवरा, बायको आणि दोघांचे दोन वकील, अशी चौघं एका टेबलाशी बसणार आणि सही करणार की आम्ही कोर्टात भांडणार नाही, सगळं बोलून ठरवू आणि ठरलेलं घेऊन दोघांच्या संमतीने एकदाच कोर्टापुढे जाऊ. बोलणी मोडली तर दोन्ही वकिलांनी काम सोडायचं आणि आपण नवे वकील गाठून पहिल्यापासून सुरुवात करायची. ऐकायला छान वाटतं. पण जी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत ती बोलणार कशी? म्हणून त्या दोघांनी बाईंना गाठलं. बाई रिटायर झाल्या होत्या आणि दर शनिवारी मुंबईला जाऊन समुपदेशनाचा कोर्स करून आल्या होत्या. दारावर पाटी होती, ‘संवाद मार्गदर्शक’. खाली पापड लाटणाऱ्या बायका त्यांना ‘बोलायच्या क्लासवाल्या’ म्हणायच्या. दोघीतिघी ‘घरं मोडणाऱ्या’ असंही म्हणायच्या. बाईंना दोन्ही नावं ठाऊक होती.

"मी जोडून देत नाही आणि मोडतही नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं. "कागद वकील करतील. तुम्हाला जे म्हणायचंय ते समोरच्याच्या कानापर्यंत पोचतंय का, एवढंच मी बघते. मी ह्यांची नाही, तुमची नाही."

ऐकताना त्या डोळे मिटायच्या. माझा नवरा बोलता बोलता थांबला, त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि हळूच म्हणाला, "झोपल्या." कितीतरी महिन्यांनी आम्हा दोघांना एकाच वेळी हसू आलं. बाईंनी डोळे न उघडता त्याची शेवटची तीन वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली, मधल्या खोकल्यासकट.

कुठलाही प्रश्न विचारा, बाई तो आधी परत म्हणायच्या. चहावाला विचारायचा, "बाई, साखर कमी ना?" बाई म्हणायच्या, "साखर कमी हवी का, असं विचारताय. हो, कमी." चहावाल्याने शेवटी विचारणंच सोडून दिलं. मला वाटायचं ही म्हातारपणाची खोड. नंतर त्यांनीच सांगितलं की खिडकीवर येणारा माणूस घाईत काहीतरी विचारतो, आपण त्याचा प्रश्न त्यालाच ऐकवला की तो म्हणतो, "नाय नाय, तसं नाय, मला असं विचारायचं होतं." अठ्ठावीस वर्षांत इतक्या लोकांनी "नाय नाय" म्हटलं होतं की त्यांची खात्रीच पटली होती, पहिला प्रश्न कुणाचाच खरा नसतो.

त्या खोलीत ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द चालायचे नाहीत. तोंडातून गेला की उठायचं, कोपऱ्यातल्या माठातून पेलाभर पाणी घ्यायचं, सगळं प्यायचं आणि मग येऊन बसायचं. पहिल्या दिवशी नवरा सात पेले प्यायला आणि मी नऊ. माझी जीभ तिखट आहे हे मला कबूल आहे, पेणच्या अर्ध्या बायकांना ती ठाऊक आहे, तरी माझ्याकडेच शिवायला येतात. पाचव्या पेल्यानंतर मी चिडून म्हणाले, "बाई, हा काय पोरखेळ लावलाय?" बाई म्हणाल्या, "पोरखेळ लावलाय का, असं विचारताय. तसंच समजा. पण उठून चार पावलं चाललं की माणसाला आपण काय बोललो ते ऐकू येतं." मला त्यांचा राग आला होता. पण खरं सांगते, माठापर्यंत जाताना मला माझंच बोलणं ऐकू येत होतं आणि ते चांगलं वाटत नव्हतं.

‘तू’पासून सुरू होणारं वाक्य त्या परत करायच्या. मी म्हणाले, "तू घरात असून नसल्यासारखा असतोस." बाई म्हणाल्या, "हे नाही घेता यायचं. ‘मला’पासून करून आणा." गिऱ्हाईक चुकीचं माप घेऊन आलं की मी त्याला दारातूनच परत धाडते, तसंच. मग मी ते वाक्य उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "मला घरात एकटीला भीती वाटायची." हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

आणि सगळ्यांत अवघड नियम पुढचा. समोरचा काही बोलला की आधी त्याचं वाक्य आपण बोलायचं, त्याच्यासारखंच, ‘मी’ म्हणून. ‘तो म्हणतो की’ चालायचं नाही. त्याने "मी दमून येतो" म्हटलं तर मी, दिवसभर मशीनवर वाकून पाठ मोडलेल्या बाईने, "मी दमून येतो" म्हणायचं. त्याने मान हलवली तरच माझी पाळी.

ह्या सवयीने पुढे कोर्टात आमची जी फजिती झाली ती इथेच सांगून टाकते. न्यायाधीश साहेबांनी मला विचारलं, "का वेगळं व्हायचंय?" मी आपली सरळ उभी राहून म्हणाले, "मी दमून येतो आणि उंबऱ्यातच माझ्यावर सरबत्ती सुरू होते." साहेबांनी चष्मा काढला. नवऱ्याला वाटलं आता आपली पाळी. तो घाईघाईने म्हणाला, "आणि मी दिवसभर एकटी असते, मला कुणी विचारत नाही." शिपायाने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. साहेब दोन्ही वकिलांना म्हणाले, "यांचं एवढं जमतंय तर यांना इथे कशाला आणलंत?" आणि विचार करायला पुढची तारीख दिली. आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो आणि पोट धरून हसलो. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "कुठे थांबायचं ते शिकवायचं राहिलं."

लोक मला विचारतात, एवढं बोलायला लागलात तर पुन्हा एकत्र का नाही आलात. त्यांना काय सांगू? आमच्यात मारहाण नव्हती, दारू नव्हती, दुसरं कोणी नव्हतं. तो रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा, मी नदीपलीकडे अष्टमी गावातल्या घरात त्याची वाट बघायचे, आणि तो आला की भांडायचे. मूल झालं नाही, त्याचाही राग आम्ही एकमेकांवर काढला. सात वर्षं असं केल्यावर मी पेणला येऊन दुकान टाकलं आणि तिथेच राहिले. आता नीट बोलता येत होतं, पण पुन्हा एका घरात राहावं असं दोघांपैकी एकालाही वाटत नव्हतं. हेही आम्ही नीट बोलूनच ठरवलं.

सगळं ठरलं होतं. भांडी, कपाट, दागिने, कुणाचं काय ते. अडलं ते एकाच गोष्टीवर, आणि ती गोष्ट होती माझी सासू.

माझी आई मी सातवीत असताना गेली. सासरी आले तेव्हा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला पहिल्या दिवशी काही शिकवलं नाही की बजावलं नाही. दारात परात घेऊन मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या, थोडे सरकल्या आणि म्हणाल्या, "बस गो." मी बसले. वाल सोलताना बोटं बुळबुळीत होतात, डोळे खाली असतात, आणि माणूस काहीही बोलून जातो. मी माझ्या आईबद्दल आयुष्यात पहिल्यांदा तिथे बोलले. पुढे शिवण शिकले तेव्हा मी शिवलेला पहिला ब्लाउज त्यांचाच होता. एक बाही घट्ट, एक ढगळ. त्या तो घालून पुतणीच्या लग्नाला गेल्या आणि जी विचारेल तिला सांगितलं, "माझ्या सुनेनं शिवलाय." पेणला राहायला आल्यावरही दर बुधवारी मी दुकान बंद ठेवून अष्टमीला जायचे. नवरा कंपनीत असायचा, नाहीतर माझ्या निघायच्या वेळेला यायचा. मी सकाळी जायचे आणि चारच्या सुमारास परतायचे.

नवऱ्याचं म्हणणं होतं, कागद झाले की हे बंद. "वेगळं झालं म्हणजे झालं," तो म्हणाला. "लोक मला विचारतात, बायको सोडून गेली ना, मग ही कोण येते? उद्या मी दुसरं लग्न केलं तर तिला काय सांगू?" ह्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच माझा जीव उडाला. बायको म्हणून मला कायद्याने काय काय मिळतं ते माझ्या वकीलसाहेबांनी वाचून दाखवलं होतं. त्यात सासू नव्हती.

वकीलसाहेब भला माणूस. त्यांनी रात्रभर विचार करून एक कलम लिहून आणलं, ‘महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या बुधवारी सकाळी अकरा ते दुपारी चार’. लहान मुलाच्या ताब्याचं असतं ना, अगदी तसंच. नवऱ्याच्या वकील मॅडम म्हणाल्या, "साहेब, सासूचा ताबा असला प्रकार मी आजवर ऐकला नाही." मला हसायला हवं होतं, पण मी रडायला लागले. नवरा उठला आणि म्हणाला, "मग मोडू दे सगळं." मोडलं असतं तर दोन्ही वकील गेले असते, पुन्हा नवे वकील, पुन्हा आरोप, आणि कोर्टात एकदा आरोप लिहिले गेले की अष्टमीचा तो उंबरा मला कायमचा परका झाला असता. मला त्या क्षणी बाकी कशाचीच पर्वा नव्हती. कपाट घ्या, दागिने घ्या, फक्त ती बाई मला राहू दे, एवढंच मनात होतं, आणि तेच नेमकं मला बोलता येत नव्हतं.

बाईंनी डोळे उघडले. "आता खोलीत नाही," त्या म्हणाल्या. आणि नवऱ्याला विचारलं, "तुम्ही रात्रपाळीहून किती वाजता सुटता?"

थंडीचे दिवस होते. बाई आणि मी पेणहून पहाटेच्या गाडीने रोह्याला गेलो. बाई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि प्रत्येक थांब्याचं नाव त्यांच्या ओठांवर आधी येत होतं. रोह्याला उतरलो तर कुंडलिका नदीवर धुकं इतकं की पूल मधेच संपल्यासारखा दिसत होता, पलीकडची अष्टमी नव्हतीच. नवरा कंपनीच्या जॅकेटमध्ये पुलाच्या तोंडाशी उभा होता. बाईंनी नियम सांगितला. अष्टमीपर्यंत जाताना तो बोलेल, मी ऐकायचं. पलीकडच्या टोकाला मी त्याचं म्हणणं ‘मी’ म्हणून बोलून दाखवायचं. परत येताना मी बोलेन. "मी मागून येते," बाई म्हणाल्या.

आम्ही चालायला लागलो. मागे बाईंची चप्पल वाजत होती, मग तीही ऐकू येईना. खाली पाणी दिसत नव्हतं, नुसतं जाणवत होतं. समोरून पाववाल्याच्या सायकलचा भोंगा वाजला, धुक्यातून एक टोपली बाहेर आली आणि आमच्या बाजूने पुन्हा धुक्यात गेली. नवरा निम्मा पूल होईपर्यंत काही बोललाच नाही. मला राहवेना, पण नियम म्हणजे नियम.

मग तो पाण्याकडे बघत म्हणाला, "मी शिफ्टवरून येतो. दारापर्यंत तुमचं दोघींचं हसणं ऐकू येतं. मी आत आलो की ते थांबतं. आई विचारते, जेवणार का. तू पिशवी उचलतेस. माझ्याच घरात मी पाहुणा आल्यासारखा उभा राहतो. दर बुधवारी."

एवढंच. पलीकडच्या टोकाला पोचलो आणि मला ते बोलायचं होतं. "मी शिफ्टवरून येतो," मी म्हणाले. "दारापर्यंत हसणं ऐकू येतं. मी आत आलो की ते थांबतं." पुढचं मला म्हणता येईना. दर बुधवारी मी त्या घरातून पोट भरून निघायचे आणि हा माणूस त्याच दारात उपाशी उभा राहायचा, हे मला एवढ्या बुधवारांत दिसलं नव्हतं. मला त्याची लाज वाटली. मी त्याला तसं सांगितलंही, पाळी नसताना. बाई धुक्यातून आल्या होत्या, पण त्यांनी ते वाक्य परत केलं नाही.

परत येताना मी बोलले. फार लांबड लावायचं ठरवलं होतं, पण एकच वाक्य निघालं. "मला तुझ्या आईशिवाय आई नाय."

रोह्याच्या टोकाला त्याला ते म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं. "मला आई नाय," तो म्हणाला आणि थांबला. ज्याची आई पुलापलीकडे जिवंत बसली आहे अशा माणसाने ते शब्द तोंडातून काढले आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. त्याने कठड्याला टेकून दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

बाई मात्र आमच्याकडे बघत नव्हत्या. त्या पुलाकडे, अष्टमीच्या दिशेने बघत होत्या. धुकं विरायला लागलं होतं. त्या म्हणाल्या, "त्यांना कुणी विचारलंय?"

"कुणाला?" नवऱ्याने विचारलं.

"मावशींना. तुमच्या आईंना."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आठ महिने झाले होते. वकीलसाहेबांनी कलम लिहिलं, मॅडमनी खोडलं, आम्ही माठ रिकामे केले, पूल दोनदा ओलांडला, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिला एका शब्दानेही कुणी विचारलं नव्हतं. "जायचंय कुठे ते ज्याला जायचंय त्यालाच विचारायचं असतं," बाई म्हणाल्या. "एवढी वर्षं मी दुसरं काय केलं? आणि इथे नेमकं विसरले." त्यांचा तो पुकारायचा आवाज पहिल्यांदाच फाटल्यासारखा झाला. मग त्या वळल्या आणि भराभर पुलावरून चालायला लागल्या, आम्ही दोघं त्यांच्या मागे.

आई दारातच होत्या. आम्हा तिघांना एकदम बघून त्यांनी हातातली केरसुणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "काय झालंय? कोण गेलं?"

कोणी गेलं नाही हे समजावून बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. हा काय म्हणतो, ही काय म्हणते. मग विचारलं, "मावशी, तुम्हाला काय हवंय?"

आईंनी बोटावर पदर गुंडाळला. मला वाटलं त्या रडतील. पण आई चिडल्या होत्या. "मी काय कपाट हाय?" त्या म्हणाल्या. "ह्यानं घ्यायचं का तिनं घ्यायचं, ते ठरवताय. व्हय रे?" लेकाकडे वळून म्हणाल्या, "ती नको यायला इथं, असं तुला वाटतं ना? नाय येणार. घर तुझं हाय, तुझं ऐकायला पायजे. पण पाय माझे हायत. मी जाईन पेणला. बस हाय, ट्रेन हाय. बुधवारी सकाळी जाईन, सांजचं येईन. तुला नवी बायको करायची तर कर, तिला सांग, माझी आई बुधवारी बाहेर असते."

नवरा उंबऱ्यातच उभा होता, बुटांसकट.

"आणि हसणं थांबतं म्हणतोस," आई म्हणाल्या, आता आवाज खाली आला होता. "थांबतं, कारण तू तिथं दारात उभा राहतोस नि मला वाटतं तू दमलायस, तुला आवाज नको. मला काय ठाऊक, तुला हसायला यायचं होतं ते? बस ना रे जरा. सांग मला काय ते."

त्याने बूट काढले आणि बसला. बाईंनी मला दंडाला धरून उठवलं. आम्ही दोघी बाहेर पडलो आणि चहा न घेता पेणची गाडी पकडली. मायलेक काय बोलले ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

वकीलसाहेबांचं कलम कागदात कुठेच आलं नाही. ते जरा हिरमुसले. पुढे सगळं रीतसर झालं, आमची फजिती धरून. बुधवारी सकाळी आई येतात, एका हातात पिशवी, एका हातात छत्री, गाडीला उशीर झाला म्हणून कुरकुरत. दुकान बंद असलं तरी त्या गिऱ्हाइकांचे कपडे उलटून बघतात आणि माझ्या शिवणीतल्या चुका काढतात.

बाई आता पेणला नाहीत, भाचीकडे राहायला गेल्या. निळा पडदा कुणी काढला कोण जाणे, आता तिथे ट्यूशन चालते. पण जायच्या आधी एका बुधवारी त्या माझ्याकडे आल्या होत्या. हातात ब्लाउजपीस होता, तो त्यांनी उघडलासुद्धा नाही. दुकानाच्या मागे माझी खोली आहे, तिथे आई कोलंबीचं कालवण करत होत्या आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या. बाई स्टुलावर बसून ते ऐकत राहिल्या, डोळे मिटून. मला वाटलं आता त्या सगळं परत म्हणून दाखवतील.

"माझाही घटस्फोट झाला होता," त्या म्हणाल्या. "तुमच्या वयाचीही नव्हते तेव्हा. कोर्टात चार वर्षं भांडले. जे जे मागायचं असतं ते सगळं मागितलं आणि सगळं मिळालं." मग ब्लाउजपीसची घडी सरळ करत म्हणाल्या, "माझी सासू गेली ते मला तेराव्यानंतर कळलं. बाजारात, कुणाच्या तरी बोलण्यातून. मला कळवावं असं कुणाला का वाटेल? मी कोण? फार माया होती त्यांची माझ्यावर. पण त्याही मागायच्या असतात, हे मला माहीत नव्हतं."

मी त्यांच्या हातातला ब्लाउजपीस घेऊन मशीनवर ठेवला.

आतून आईंनी विचारलं, "कोण आलंय गो? त्या बाई? जेवूनच जाऊ दे त्यांना."

बाई नको म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या उठल्या, आत गेल्या, मोरीत हात धुतले आणि आईंच्या समोर पाटावर बसल्या. दोघींच्या वयात बारातेरा वर्षांचंच अंतर असेल. आई वाढत होत्या, बाई खाली बघून जेवत होत्या. मग ताटावरची नजर न उचलता बाई म्हणाल्या, "आई, थोडा भात घाला."

आईंनी घातला.